दीडशे अंडी आणि एक तळटीप

त्याने हात वर केला तो केवळ शुद्धलेखनासाठी. एवढी गोष्ट आधी नीट लक्षात घ्या, म्हणजे पुढच्या प्रकाराला त्याला कितपत जबाबदार धरायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. (त्याच्या बायकोने ते केव्हाच ठरवून टाकलंय.)

तो एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा त्याला पगार मिळायचा. पण सवय ती सवय, छापखान्याच्या दारात चपलांसारखी काढून ठेवता येत नाही. कुणी सहज म्हणालं, "आज जरा उकडतंय," की हा सुरू व्हायचा, "तसं पाहिलं तर, गेल्या वर्षी याच आठवड्यात..." आणि पंधरा मिनिटांनी समोरच्या माणसाला आपण काय म्हणालो होतो तेही आठवत नसे. लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'तळटीप'. बाकीचे ते पाठीमागे म्हणायचे. सासूबाई तोंडावर म्हणायच्या.

तर त्या संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये ईस्टरच्या तयारीची सभा होती. फळ्यावर कुणीतरी 'पुनरूत्थान' असं लिहिलं होतं. रू दीर्घ. तळटीपला तो दीर्घ रू दाढेत अडकलेल्या बडीशेपेसारखा टोचायला लागला. दहा मिनिटं त्याने सोसलं. मग राहवेना म्हणून त्याने हात वर केला. नेमकं त्याच क्षणी पाळकसाहेब विचारत होते, "मुलं दर वर्षी अंडी खातात, पण ईस्टरला अंडंच का, हे एकालाही सांगता येत नाही. कोण समजावून सांगेल त्यांना?"

हॉलभर टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी वहीत नावसुद्धा लिहून टाकलं.

"अहो, मी ते रूबद्दल..." तळटीप म्हणाला.

"हो हो, रूपकाबद्दलही बोला," पाळकसाहेब म्हणाले. "अंड्याचं रूपक फार सुंदर आहे."

इथेच गप्प बसला असता तर गोष्ट दहा मिनिटांच्या भाषणावर निभावली असती. पण पहिल्या रांगेत बेकरीवाला बसला होता. गेली कित्येक वर्षं मुलांना ईस्टरला साखरेची अंडी वाटायची ती याच्याच बेकरीतली. तो मान वळवून म्हणाला, "बोला की खुशाल. फक्त थोडक्यात बोला. मागे तुम्ही आभार मानायला उभे राहिलात, तेव्हा माझी भट्टी विझली होती."

लोक हसले. हसणाऱ्यांत बायको होती, हे तळटीपने पाहिलं.

"मी नुसतं बोलणार नाही," तो ताठ उभा राहून म्हणाला. "मी खरी अंडी आणणार. लाल. जुन्या रीतीने, कांद्याच्या सालांत रंगवलेली. प्रत्येक मुलाला एक!"

"मुलं एकशेवीस आहेत," बेकरीवाला म्हणाला.

"असू देत," तळटीप म्हणाला. एकशेवीस म्हणजे किती, हा विचार त्याच्या मनात घरी पोचल्यावर आला.

*

घरी चार माणसं. तळटीप, बायको, दहा वर्षांची लेक आणि सासूबाई. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. त्यामुळे घरातल्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी होती. मिठाच्या बरणीवर 'मीठ', साखरेच्या बरणीवर 'साखर', आणि तरीही तळटीपने एकदा चहात मीठ घातलं होतं, म्हणून त्या बरणीवर 'मीठच'.

"अहो, तुम्ही आयुष्यात कधी एक तरी अंडं उकडलंय का?" तिने विचारलं.

"तत्त्व माहीत आहे," तळटीप म्हणाला.

"तत्त्व पातेल्यात घालून उकडणार आहात?"

लेक मात्र हसली नाही. रात्रीचं जेवण झाल्यावर ती त्याच्याजवळ येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, माझा सगळा वर्ग असणार आहे तिथे. तू बोल, पण एक कर. 'तसं पाहिलं तर' म्हणू नकोस. मुलं मोजतात. मागच्या वेळी एकोणीस वेळा म्हणालास. मलाही आता वर्गात 'छोटी टीप' म्हणतात."

हे त्याला ठाऊक नव्हतं. स्वतःच्या नावाचं त्याला कधी फारसं वाटलं नव्हतं, पण ते पोरीला वारसाहक्काने मिळालंय हे मात्र त्याला लागलं. "नाही म्हणणार," तो म्हणाला. पुढे 'तसं पाहिलं तर' येत होतं, ते त्याने ओठांवरच दाबलं.

शनिवारी सकाळी तो भाजीवालीकडे गेला.

"किती कांदे देऊ?"

"कांदे नकोत. सालं हवीत."

भाजीवालीने हातातला तराजू खाली ठेवला. "नुसती सालं?"

"नुसती सालं. वाळकी, वरवरची. पोतंभर."

"आणि आतले कांदे?"

"ते तुमच्याकडेच राहू देत."

तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि शेजारच्या बटाटेवालीला हाक मारली, "अगं, इकडे ये गं जरा. यांना बरं नाहीये." शेवटी दोघींनी मिळून दुकानाचा कोपरा झाडला, पोतं भरून दिलं आणि वर घरी कुणाला निरोप द्यायचाय का, असंही विचारलं.

अंडी आणली दीडशे. तीस-तीसचे पाच ट्रे. एकशेवीस मुलांची आणि तीस फुटतील म्हणून. रंगाचं त्याने वाचून ठेवलं होतं: सालं उकळून, गाळून, पाणी थंड करायचं, त्यात थोडं व्हिनेगर घालायचं आणि उकडलेली अंडी रात्रभर बुडवून ठेवायची, म्हणजे रंग सारखा चढतो. सालं उकळायला लागली तसा घराला असा वास सुटला की वरच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

बायको कामावर निघताना दारातून म्हणाली, "उकडलेल्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने फुली मारा."

"फुली रंगातून दिसेल. शोभा जाईल."

"मग ट्रेवर चिठ्ठी लावा."

"अगं, पाच ट्रे आहेत. पाचापर्यंत मला मोजता येतं."

बायको काही बोलली नाही. तिच्या न बोलण्यालाही एक चिठ्ठी असायची, पण ती तळटीपला कधी वाचता आली नाही.

मोठ्या पातेल्यात एका वेळी तीस अंडी मावत. एक ट्रे झाला, दोन झाले, तीन, चार. उकडलेली अंडी पुसून पुन्हा आपापल्या ट्रेमध्ये. पाचवा ट्रे हातात घेतला आणि फोन वाजला. छापखान्यातून फोरमन होता. व्याकरणाचं एक पुस्तक यंत्रावर चढलं होतं आणि त्यात 'दीर्घ' हा शब्दच ऱ्हस्व छापला गेला होता.

"एकच आहे हो," फोरमन म्हणाला. "जाऊ द्या ना."

"जाऊ देऊ?" तळटीपने गॅस बंद केला, ट्रे बाकीच्या चारांशेजारी ठेवला आणि खुर्ची ओढून बसला. "जाऊ देऊ म्हणता? तसं पाहिलं तर..."

पस्तीस मिनिटं.

तेवढ्या वेळात सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. पाच ट्रे ओळीने मांडलेले, शेगडी बंद, रंगाचे दोन टब तयार. जावयाचं काम अर्धवट राहिलेलं बघवेना, म्हणून त्या माउलीने पाचही ट्रे हळुवार हाताने टबात सोडले. तळटीप फोन ठेवून आला तेव्हा दीडशे अंडी तांबड्या पाण्यात शांत पडली होती.

"सासूबाई, तुम्ही?"

"मग काय, तुमचा ऱ्हस्व-दीर्घ संपेपर्यंत कोंबड्या व्हायच्या त्यांच्या."

तळटीपला भरून आलं. पाचवा ट्रे त्याच्या डोक्यातून पार निघून गेला होता. (पाचापर्यंत मोजता येतं, यात खोटं काही नव्हतं. त्या दिवशी मोजलं नाही, इतकंच.)

*

रविवारी सकाळी टेबलावर दीडशे अंडी मांडली होती. गडद तांबडी, पितळेच्या जुन्या भांड्यासारखी चमकणारी. बायको पाहतच राहिली. "खरंच छान झालीत हो," ती म्हणाली, आणि लग्नानंतरच्या अशा वाक्यांत तळटीपने एकाची भर घातली.

सासूबाई ठेवणीतला पोशाख करून नाश्त्याला बसल्या होत्या. "एक चाखून बघते," म्हणत त्यांनी अंडं उचललं आणि बशीच्या काठावर टक्कन आपटलं.

पिवळा बलक बशीत, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून ठेवणीतल्या पोशाखावर उतरला.

बायकोने फडकं पुढे केलं.

"जावईबापू," सासूबाई मांडीकडे पाहत म्हणाल्या, "तुमचं तत्त्व सांडलं."

फोन, फोरमन, पाचवा ट्रे, सगळं तळटीपला एकदम आठवलं. दीडशेत तीस कच्ची. सगळी लाल, सगळी सारखी. घड्याळात सव्वाआठ, कार्यक्रम दहाला.

"सगळी पुन्हा उकडूया!" म्हणत तो शेगडीकडे धावला. काडी ओढली, बटण पिळलं. शेगडीने एक उसासा टाकला आणि प्राण सोडला. आदल्या दिवशी दुपारभर सालं आणि अंडी उकळून गॅस संपत आला होता, तो नेमका त्या मिनिटाला संपला.

"मी म्हटलं होतं," बायकोने सुरुवात केली.

"फुली," तळटीप म्हणाला. "म्हटलं होतंस. मी चुकलो."

बायको थबकली. बावीस वर्षांत हे वाक्य तिने या घरात ऐकलं नव्हतं. ते ऐकायची तयारीच नसल्याने तिला पुढे रागावता येईना.

तेवढ्यात लेकीने एक अंडं उचललं, जमिनीवर ठेवलं आणि भिंगरीसारखं फिरवलं. अंडं गरगर गरगर फिरलं. तिने दुसरं फिरवलं. ते दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खात दोन वळसे फिरलं आणि आडवं झालं.

"हे कच्चं," ती म्हणाली. "आत पातळ असतं ना, ते मागे राहतं. शाळेत दाखवलंय आम्हाला."

तळटीपला या विषयावर तीन तळटीपा ठाऊक होत्या. एकही त्याला वेळेवर आठवली नव्हती. त्याने पुढचं अंडं पोरीच्या हातात दिलं.

मग चौघंही फरशीवर बसली. सासूबाई डाग पडलेल्या पोशाखातच मांडी घालून. एक फिरवतंय, एक बघतंय, बायको चिठ्ठ्या लावतेय. "गरगर!" "उकडलेलं!" "डुलतंय!" "कच्चं, बाजूला!" खालच्या मजल्यावरचे घरमालक वर येऊन दारात उभे राहिले, बघितलं, आणि काही न विचारता परत गेले.

सव्वानऊला हिशेब झाला. तीसपैकी एक सासूबाईंच्या पोशाखावर, म्हणजे कच्ची राहिली एकोणतीस. सापडली अठ्ठावीस. पुन्हा मोजली, तरी अठ्ठावीस. उकडलेल्यांच्या टोपलीत एकशेएकवीस. म्हणजे त्यात एक घुसखोर होता, आणि पुन्हा सगळी फिरवायला वेळ नव्हता.

"एकशेएकविसांत एक," तळटीप म्हणाला. "एवढी चूक असली की आम्ही पुस्तकाला निर्दोष म्हणतो."

"आम्ही त्याला दुसऱ्याचं रक्त म्हणतो," बायको म्हणाली. पण टोपली तिनेच उचलली.

*

हॉल खच्चून भरला होता. पुढे सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं. पहिल्याच खुर्चीवर बेकरीवाला, पायाशी झाकलेलं खोकं. 'वेळ पडली तर असू देत,' म्हणून त्याने साखरेची अंडी बरोबर आणली होती. तळटीप व्यासपीठावर चढला. अंगात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट. समोर टेबल, टेबलावर तांबड्या अंड्यांची टोपली. मुलांचे डोळे टोपलीवर, त्याचे लेकीवर.

"फार जुन्या काळची गोष्ट आहे," तो म्हणाला. "ईस्टरच्या आधी चाळीस दिवस लोक उपास करायचे. मांस नाही, दूध नाही, अंडंसुद्धा नाही. माणसं उपास करायची. पण कोंबड्या?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"कोंबड्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! त्या आपल्या रोज अंडी घालतच होत्या."

एक पोरगं फिस्सकन हसलं. मग दुसरं. तळटीपला स्वतःचंच नवल वाटलं. त्याच्या वाक्याच्या शेवटापर्यंत लोक जागे होते.

"घरोघरी अंड्यांचे ढीग. टाकायची कशी? मग ती उकडून ठेवायची, म्हणजे जास्त दिवस टिकतात. आणि ईस्टरची सकाळ उजाडली, उपास सुटला, की सगळ्यांच्या ताटात पहिलं काय? अंडं! काही गावांत ती लाल रंगवायचे. येशूने आपल्यासाठी रक्त सांडलं, त्याची आठवण म्हणून."

त्याही आधीपासून, वसंतात पाखरं अंडी घालतात म्हणून माणसं अंड्याला नव्या जीवाची खूण मानत आली असावीत. पण कुठे, केव्हापासून, यावर जाणकारांचं एकमत नाही, आणि तसं पाहिलं तर... हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने लेकीकडे पाहिलं. ती बोटांवर मोजायला बसली होती. बोटं अजून सगळी सरळ होती. तो पुढे गेला.

"आता एक खेळ. पुष्कळ देशांत खेळतात. दोघांनी दोन अंडी घ्यायची, टोकावर टोक आपटायचं. ज्याचं फुटणार नाही तो जिंकला. कोण येतंय माझ्यासमोर?"

"मी येतो की," बेकरीवाला उठला. "बघू तुमच्या अंड्यात किती दम आहे." त्याने टोपलीत हात घालून एक अंडं उचललं आणि मुलांना हसवायला टेबलावर गरकन फिरवलं.

अंडं झोकांड्या खात दोन वळसे फिरलं आणि आडवं झालं.

हॉलमध्ये फक्त चार माणसांचा श्वास अडकला. बायकोने डोळे मिटले. लेकीने दोन्ही हात तोंडावर धरले. सासूबाई हळूच म्हणाल्या, "सापडलं."

बेकरीवाल्याने ते उचलून मुठीत धरलं. अंगात त्याचा समारंभाचा फिकट कोट. तळटीपनेही एक अंडं उचललं. आता ते नुसतं पुढे करायचं होतं, बाकीचं काम कोंबडीने आधीच करून ठेवलं होतं. विझलेली भट्टी, हसलेली सभा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. होऊ दे, तो मनात म्हणाला. अगदी दोन सेकंद म्हणाला, आणि खरं सांगायचं तर ते दोन सेकंद त्याला फार गोड लागले.

मग त्याने मुलांकडे पाहिलं. ती सगळी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"थांबा," तो म्हणाला. "आपण अदलाबदल करू. तुमचं मला द्या. पाहुण्यांनी चांगलं घ्यावं."

"का? ह्यात काही खोट आहे का?" बेकरीवाल्याने संशयाने विचारलं, पण अंडं दिलं. तळटीपने ते छातीजवळ धरलं, टोक वर करून.

"हाणा," तो म्हणाला. "जोरात."

बेकरीवाल्याने हाणलं.

अंडं असं फुटलं की पिवळा बलक बोटांतून उसळून थेट पांढऱ्या शर्टाच्या मधोमध आला आणि सूर्य मावळावा तसा सावकाश खाली उतरू लागला. बेकरीवाल्याचा हात हवेतच राहिला होता.

तळटीपने खाली शर्टाकडे पाहिलं. मग मुलांकडे.

"तुम्हाला वाटलं होतं ना, हे दगडासारखं आहे?" तो हळूच म्हणाला. "सगळ्यांनाच वाटलं होतं. येशूच्या कबरीवर मोठा दगड होता, आता आत काही उरलं नाही, असं लोक म्हणाले. आणि त्या सकाळी ती कबर बंद राहिली नाही. म्हणून अंडं. बाहेरून बंद, आणि आत जे आहे ते थांबायला तयार नाही."

(बाजारातल्या अंड्यातून पिल्लू निघत नसतं, ही तळटीप त्याला त्या क्षणी सुचली होती. त्याने ती गिळली. ती अजून पोटात आहे म्हणतात.)

मग लेक उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली, आणि पाठोपाठ एकशेवीस मुलांनी जो गलका केला त्याने खिडक्यांची तावदानं थरथरली. टोपली दोन मिनिटांत रिकामी झाली. हॉलभर टकाटक टकाटक सुरू झालं. "माझं नाही फुटलं!" "माझं जिंकलं!" आणि एकही मूल भिजलं नाही. पाळकसाहेब स्वतः एका पोरीशी लढले आणि हरले. बेकरीवाला रुमाल घेऊन पुढे आला, तळटीपचा शर्ट पुसू लागला, आणि पुसता पुसता म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं ना ते?"

"तसं पा..." तळटीप थांबला. "हो," तो म्हणाला.

बेकरीवाल्याने त्याचा बरबटलेला हात हातात घेतला. साखरेच्या अंड्यांचं खोकं त्या दिवशी कुणी उघडलंच नाही.

लेक गर्दीतून वाट काढत आली आणि शर्टाची पर्वा न करता त्याला बिलगली. "शून्य," ती म्हणाली. "एकदाही नाही, बाबा! आणि माहितीये, दुसऱ्या वर्गातली मुलं मला विचारतायत, हे तुझे बाबा का म्हणून." बायकोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, शिकलात तुम्ही." एवढं कौतुक एका दिवसात पचवायची त्याला सवय नव्हती. त्याला वाटलं, इतकी वर्षं आपण माणसांना शब्द देत होतो, आज पहिल्यांदा अर्थ दिला.

घरी निघताना दारात बालवाडीच्या बाईंनी त्याला गाठलं. त्या त्याच्यापेक्षा पुष्कळ वयस्कर आणि एरवी कुणाची स्तुती न करणाऱ्या.

"फारच छान!" त्या म्हणाल्या. "आमच्या लहान मुलांनाही हे मिळायलाच हवं. गुरुवारी सकाळी याल?"

"आनंदाने," तळटीप म्हणाला. छाती आपोआप पुढे आली. "किती वेळ बोलू? अर्धा तास? लहान मुलांसाठी कोंबड्यांचा भाग थोडा वाढवता येईल, शिवाय लाल रंगाबद्दल..."

"छे छे, बोलायचं कशाला!" बाई म्हणाल्या. "एक अंडं घेऊन या आणि फोडा. फक्त शर्ट आजच्यासारखा पांढराच घाला हं. रंगीत असला तर मागच्या मुलांना दिसत नाही."